मंदाताईचे निरोप

मंदाताई, नारायणदादांचा पाय मोडलाच नव्हता, हे मला तू गेल्यानंतर पाचव्या दिवशी कळलं. जऊळक्याला तुमच्या अंगणात शिरले तेव्हा ते हापशीवरून दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन येत होते, चांगले ताठ चालत. मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं. "तिनं सांगतलं असन तसं," एवढंच म्हणाले आणि बादल्या ओट्याशी ठेवल्या.

रिसोडच्या स्टुडिओत तू सांगितलं होतंस की घरधन्याचा पाय मोडला, म्हणून दोन-अडीच महिने जऊळक्याला दिराच्या घरी राहीन, तिथूनच काम पाहीन. आणि आम्हाला, म्हणजे जे आपापल्या घरून काम करतात त्यांना, तू तेवढंही सांगितलं नाहीस. पुण्यात बसलेल्या प्रफुल्लला आणि किन्हीराजात बसलेल्या मला वाटत होतं की तू स्टुडिओतच आहेस, तुझ्या खिडकीपाशीच्या खुर्चीत. स्टुडिओतल्यांना अर्धं माहीत होतं, ते खोटं होतं. आमचं उरलेलं अर्धं, तेही खोटं. पोटातल्या गाठीचं कोणालाच माहीत नव्हतं.

किन्हीराजाहून तुमच्या दारापर्यंत यायला त्या दिवशी मला अर्धा तासही लागला नाही, ताई. दोन महिने तू माझ्यापासून अर्ध्या तासावर होतीस.

तुझ्या तेरवीला मी आले होते. पंगतीत वाढलं, भांडी घासू लागले, पण एवढ्या माणसांत तुझ्याशी बोलणं झालं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तुला लिहिलेलं आवडत नाही, हे माहीत असूनही.

तुझी-माझी ओळख रिसोडची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी दिनकरभाऊंच्या स्टुडिओत मिक्सिंग शिकायला यायला लागले. लग्नाचं शूटिंग कापून-जोडून, गाणी लावून त्याची फिल्म करायची, याला आपल्याकडे सगळे मिक्सिंगच म्हणतात. तुला स्वतःला मिक्सिंग येत नव्हतं. कॅमेराही तू कधी हातात घेतला नाहीस. तू काउंटरवर अल्बमच्या ऑर्डरी घ्यायचीस. पण कोणाचं लग्न कॅमेऱ्याच्या कुठल्या कार्डात आहे, कोणती डिस्क कोणी नेली, कोणत्या घरच्यांनी काय बदल सांगितले, हे विचारायला स्टुडिओचे मालक असलेले भाऊसुद्धा तुझ्याकडेच यायचे. एकदा माझ्याकडून दोन लग्नांची हळद एकाच फोल्डरमध्ये पडली. तू जाता जाता पडद्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ही नवरी वेगळी आहे, हिच्या बांगड्यांकडे पाय. मी तोवर चेहऱ्यावरूनच ओळखायला जात होते. हळदीत सगळे चेहरे सारखेच पिवळे.

मग माझं लग्न ठरलं. किन्हीराजाचं घर, सहा एकर शेती, सोयाबीन आणि तूर. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधीच सांगून ठेवलं की रिसोडला रोज जाणं-येणं जमायचं नाही. मी भाऊंना काम सोडते म्हणून सांगून टाकलं. तू त्या दिवशी काही बोलली नाहीस, मला जरा वाईटही वाटलं. लग्नाला दीड महिना झाला असेल. एका दुपारी तू आमच्या फाट्यावर एसटीतून उतरलीस, आणि सोबत गोधडीत गुंडाळलेला स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर. कंडक्टर उतरवू लागला तर त्याला म्हणालीस, लेकराले धरतेत तसा धर बापा.

मामाजी ओसरीवर बसले होते. तू पाणी प्यायलीस. सोयाबीनच्या शेंगा भरल्या का ते विचारलंस, जऊळक्याच्या तुमच्या वावरात अळी पडली ते सांगितलंस. अर्धा तास झाला तरी कामाचं नाव काढलं नाहीस. मी दाराआड उभी राहून घामाघूम झाले होते. शेवटी मामाजींनीच विचारलं, या गोधडीत काय आणलं.

तेव्हा तू म्हणालीस, "काकाजी, सुनबाईले तुमी कामाले नका पाठवू. काम तिच्यापाशी येईन. तुमाले वाटन तवा खोलीत येऊन पायजा, ती काय करून राह्यली थे."

मामाजींनी खरंच पाहिलं. पहिला महिनाभर ते दाराशी खुर्ची टाकून बसायचे. मग त्यांना पडद्यावर ओळखीचे लोक दिसायला लागले, कोणाचा मामा, कोणाचा साडू. दिवाळीपर्यंत ते मलाच सांगू लागले की या व्याह्याला अजून थोडं दाखव, बिचारा दिवसभर पळून राह्यला होता. सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत माझं टेबल लागलं ते आजतागायत तिथेच आहे. त्या दुपारी तू आली नसतीस तर मी काय असते, हा विचार मी अनेकदा केला आहे, पण तो तुला कधी सांगितला नाही. कामाच्या माणसाशी असलं कोण बोलतं, असं वाटायचं. आणि तुझ्याशी तर रोजच बोलणं व्हायचं, राहिलेलं उद्या बोलू.

सगळी पद्धत तू बसवलीस. लग्नावरून कार्डं आली की स्टुडिओत त्यांच्या दोन प्रती करायच्या, दोन वेगळ्या डिस्कवर. दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. एक डिस्क स्टुडिओत राहायची, दुसरी तू घरी न्यायचीस. मग एक हलकी प्रत काढायची, चित्र जरा धूसर पण आकारानं लहान, आणि ती आम्हाला पाठवायची. आम्ही तिच्यावर कापाकापी करायचो आणि तेवढी छोटी फाइल परत द्यायचो. स्टुडिओत ती मूळ चित्रांना जोडली की फिल्म तयार. इंटरनेट चालेल त्या दिवशी इंटरनेटवरून, नाही चाललं तर इकडच्या मालेगावच्या जीपवाल्याच्या हाती, स्टीलच्या डब्यात. डब्यात डिस्कभोवती सुती कपडा आणि उरलेल्या जागेत कधी मुगवड्या, कधी तिळाची चटणी. त्या जीपवाल्याला वर्षभर वाटत होतं की तू माझी आई आहेस.

एका लग्नाला एका वेळी एकानंच हात लावायचा, हा तुझा सगळ्यात कडक नियम. दोघांनी लावला तर एकाचं काम वाया जातं. म्हणून तू सकाळी विचारायचीस, किल्ली कोणापाशी हाये. खरी किल्ली कुठेच नव्हती. ज्याची पाळी असेल त्याच्याकडे किल्ली आहे असं धरायचं, बाकीच्यांनी नुसतं पाहायचं. 'फायनल' हा शब्द तू बंद केलास. प्रफुल्लच्या फाइलींची नावं फायनल, फायनल दोन, खरंच फायनल अशी असायची. तू म्हणालीस, फायनल घरवाले म्हनतीन, आपन नुसते आकडे घालाचे.

आणि हे सगळं तू बोलून सांगायचीस. लिहून कधीच नाही. दिवसाला दहा-बारा निरोप, मोबाइलवर बोलून पाठवलेले. त्यात मागे रस्त्यावरचे हॉर्न, भाऊंचं खोकणं, बशीवर कप ठेवल्याचा आवाज. तीन मिनिटांच्या निरोपात माझ्या कामाचं एखादंच वाक्य असायचं. ते शोधायला मला सगळं ऐकावं लागायचं, आणि इकडे चुलीवर दूध ठेवलेलं. मी तुला कितीदा सांगितलं, कितव्या मिनिटाला काय बदलायचं ते लिहून पाठव. एक ॲपही दाखवलं, ज्यात फिल्म थांबवून तिथल्या तिथे लिहिता येतं. तू आठवडाभर वापरलंस. मग पुन्हा तुझे निरोप सुरू.

"लिहिलं का त्यात गुस्सा हाये का मजाक, काई समजत नाई वं," तू म्हणायचीस. "नवरीच्या बापाचं म्हननं मीनं लिहून पाठवलं तर थो मानूस तुले भांडखोर वाटते. बोलून सांगतलं का समजते, थो रडून राह्यला होता."

मी म्हणायचे, ताई, मला त्याचं रडणं नको, मिनिट-सेकंद दे. सात वर्षं आपण हेच भांडलो. कोणीच हरलं नाही.

दुसऱ्या डिस्कवरूनही आपलं भांडण होतं. माझं म्हणणं, हलकी प्रत माझ्याकडे असतेच, मूळ स्टुडिओत असतं, मग तुझ्या घरी कपाटात आणखी एक कशाला. तू ऐकून घ्यायचीस आणि डिस्क पिशवीत टाकून घरी न्यायचीस. ते भांडण मात्र मिटलं. मोठीमायनं मिटवलं.

रिसोडकडच्या एका वाडीतलं ते लग्न. त्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी फिल्म केली, चांगली झाली, माझ्याकडची हलकी प्रत मी पुसून टाकली. फिल्म पाहायला नवरी आणि तिचा बाप स्टुडिओत आले. नवरीनं शेवटपर्यंत पाहिलं, छान झाली म्हणाली, आणि मग तुला हळूच विचारलं, "मावशी, याच्यात माही मोठीमाय कुठीच नाई?"

मोठीमाय म्हणजे तिच्या बापाची मोठी भावजय. आई-बाप दरवर्षी सहा महिने उसाच्या फडावर, तेव्हा ही पोर मोठीमायकडे राहायची. तिच्याच हातानं वाढलेली. शूटिंगमध्ये मोठीमाय तीन ठिकाणी होती आणि तिन्ही ठिकाणी चित्र वाईट. एकदा कॅमेरा हललेला, एकदा तिचा अर्धा चेहरा मांडवाच्या खांबाआड, एकदा ती पूर्ण पाठमोरी. मी तिन्ही काढून टाकली होती. ती कोण आहे हे मला कुठून कळणार. तू मूळ डिस्क लावायला गेलीस तर ती त्याच आठवड्यात बंद पडलेली निघाली. तेव्हा तू पायी घरी गेलीस, कपाटातून लुगड्यांच्या घडीतली दुसरी डिस्क काढलीस आणि परत आलीस. बाप-लेक तोवर चहा पीत होते. त्यांना काही कळलंही नाही.

मला तू रागावली नाहीस. दुसऱ्या दिवशी रिसोडला ये म्हणालीस. मी आले, तर नवरीला तू माझ्या शेजारी बसवलंस आणि स्वतः काउंटरवर निघून गेलीस. मी एकेक तुकडा लावत गेले. पाठमोऱ्या तुकड्यावर मी म्हटलं, यात तर चेहराच दिसत नाही. नवरी म्हणाली, ती मुद्दाम पाठ करून उभी आहे, रडताना मला दिसायचं नव्हतं तिला. तो तुकडा आम्ही विदाईच्या आधी लावला, अकरा सेकंद. पाठमोरी बाई, डोक्यावरचा पदर, आणि खांदे हलतात तेवढे.

परतीच्या जीपपर्यंत तू सोबत आलीस. मला म्हणालीस, "दूर बसलं का चित्र दिसते, मानूस नाई दिसत. तुहा दोष नाई त्याच्यात."

तेव्हापासून तू प्रत्येक घरच्यांना विचारू लागलीस, कोणती पाच माणसं दिसली नाहीत तर तुमाले वाईट वाटन. त्यांचे चेहरे शूटिंगमधून काढून, प्रत्येकाखाली तो कोणाचा कोण हे सांगणारा कागद हलक्या प्रतीसोबत आम्हाला यायला लागला. प्रफुल्ल आधी हसला. नंतर तो कागद यायला उशीर झाला की तोच पुण्याहून फोन करून मागायचा.

मीही त्या दिवशी तुला शब्द दिला होता की महिन्यातून दोनदा स्टुडिओत येऊन बसत जाईन. तीन महिने आले. मग तूर काढायला आली, मग मुलगी पोटात होती, मग राहूनच गेलं. तू आठवण करून दिली नाहीस. आता आठवड्यातून दोन दिवस येते, ताई. भाऊंनीच सांगितलं आणि मामाजी फाट्यापर्यंत सोडतात. तुझ्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही, मी पलीकडच्या स्टुलावर बसते.

यंदा तुळशीची लग्नं झाली आणि सिझन सुरू झाला, तसे तुझे निरोप लहान होऊ लागले. मला बरंच वाटलं. तीन मिनिटांचा निरोप अर्ध्या मिनिटावर आला. मागचे हॉर्न बंद झाले, भाऊंचं खोकणं बंद झालं. एका निरोपात मागे रेल्वेची शिटी ऐकू आली, लांबलचक. रिसोडला रेल्वे नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. मी तो निरोप दोनदा ऐकला, कारण शिटीत तुझं एक वाक्य बुडालं होतं. वाक्य सापडलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

मग बोललेले निरोप थांबलेच. तू लिहायला लागलीस. मिनिट-सेकंदासकट, जसं मी सात वर्षं मागत होते तसं. मी नवऱ्याला सांगितलं की शेवटी ताईनं माझं ऐकलं. मी जिंकले म्हणून त्या दिवशी शिरा केला होता, ताई.

तुझं लिहिणं मात्र विचित्र होतं. "४ मिनट १२ सेकन नवरदेव लै वेळ दिस्ते कमि करा." शब्द अर्धे तुटलेले, वेलांट्या नाहीत. आणि 'करा'. तू मला आयुष्यात कधी 'करा' म्हणाली नव्हतीस. मी आणि प्रफुल्ल फोनवर हसलो की ताईनं लिहायला घेतलं आणि एकदम साहेबीण झाली. उत्तरं उशिरा यायची. सकाळी पाठवलेलं दुसऱ्या दिवशी पाहायचीस. लग्नघरचे लोक भाऊंकडे तगादा लावायचे, भाऊ मला फोन करायचे, आणि मी चिडत होते.

शेवटी एका मोठ्या लग्नात किल्लीचा घोळ झाला. तू मलाही काम सांगितलंस आणि प्रफुल्ललाही. दोघांनी दोन दिवस तेच लग्न कापलं. त्याची फाइल आधी पोचली, माझे दोन दिवस पाण्यात गेले. ते दोन दिवस मी मुलीला ताप असताना सासूबाईंकडे देऊन काढले होते. एरवी सगळं लिहून पाठवणारी मी, त्या दिवशी तुला बोलून निरोप पाठवला. माझा राग तुला ऐकू यावा, म्हणून.

"ताई, तुह्याच्यानं होत नसन तर भाऊले सांग, दुसऱ्याले दे. तू तिथी स्टुडिओत खुर्चीवर बसून राह्यली, तुले काय माईत मी इथी एक-एक तास कसा काढतो. आमी दिसत नाई म्हनून आमच्या टायमाले किंमतच नाई का?"

तुझं उत्तर आलं नाही. मी तीन दिवस फुगून बसले. आपण होऊन विचारायचं नाही असं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भाऊंचा फोन आला. मला वाटलं, तू माझी तक्रार केलीस. भाऊंनी तू गेल्याचं सांगितलं. अकोल्याच्या दवाखान्यातून नारायणदादांनी त्यांना कळवलं होतं, आणि ते कळवतानाच पहिल्यांदा गाठीचं सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी मी तुमच्याकडे आले, त्याचं सुरुवातीला सांगितलंच. नारायणदादांनी बाजेवर सतरंजी टाकली, भावजयीला चहा ठेवायला सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. दिवाळीपासून दुखत होतं. अकोल्याला दाखवलं तर उशीर झालेला होता. एसटीचे धक्के तुला सहन होईनात, म्हणून दवाखान्यात जायला रेल्वे सोयीची पडेल असा विचार करून तुम्ही जऊळक्याला आलात. त्यासाठी दादांनी रिसोडच्या बाजार समितीतलं मापाऱ्याचं काम सोडलं. तुला उठून बसवत नव्हतं, तेव्हा ते मोबाइल तुझ्या चेहऱ्यासमोर धरून उभे राहायचे. तू फिल्म पाहायचीस, थांब म्हणायचीस, ते थांबवायचे. तू हळू आवाजात सांगायचीस आणि ते एका बोटानं लिहायचे.

"मले लिहाची सवय नाई," ते म्हणाले. "सातवीपर्यंत शिकलो. तुमाले वाचाले तरास झाला असन."

त्या वेलांट्यांना मी हसले होते.

का लपवलं, ते मी विचारलं. ते म्हणाले, "म्हने, सिझन निंगून जाऊ दे. पोरी रडत बसल्या तर लोकायची लग्नं अटकून राहतीन." आणखी काही कारण असेल तर ते तुझ्याबरोबर गेलं. घरी बसून हे काम सांभाळता येत नाही, त्याले जागेवर मानूस पायजे, असं तू आम्हाला कितीदा ऐकवलं होतंस. अंथरुणावर पडून तेच काम करताना तुला आमच्यापुढे कमीपणा वाटला का? तसं असेल तर ऐक. तू दोन महिन्यांत बारा लग्नं पार पाडलीस, ताई. एकाच ठिकाणी घोळ झाला. मी मोजलं आहे. मी स्वतः धडधाकट असताना यापेक्षा जास्त घोळ केले आहेत.

चहा झाल्यावर दादांनी तुझा मोबाइल आणला. भिंतीवर लावायला तुझा चांगला फोटो हवा होता, मला यंत्रातलं कळतं म्हणून त्यांनी तो माझ्या हाती दिला. मी उघडला तर सगळ्यात वर माझंच नाव. माझा तो निरोप. शेजारची खूण हिरवीच होती, म्हणजे तो कोणी ऐकलेला नव्हता. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा मोबाइल घरीच राहिला होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. तू ऐकलं नाहीस. बोट लावलं असतं तर तो पुसला गेला असता आणि जगात कोणाला कधी कळलं नसतं. मग मला माझीच लाज वाटली. शेवटपर्यंत माझी फिल्म तुला दाखवणारा माणूस समोर बसला होता, तुझ्यासाठी हात अवघडेपर्यंत मोबाइल धरून उभा राहिलेला. मी त्यांना सांगितलं की मी ताईला फार वाईट बोलले होते, ते यात आहे. आणि निरोप लावला.

दादांनी शेवटपर्यंत ऐकलं. माझा आवाज अंगणात केवढा मोठा वाटत होता. भावजयसुद्धा आतून दारात येऊन उभी राहिली.

"एवढं तर ती मले रोज बोले," ते म्हणाले. मग म्हणाले, "किल्लीचं तिनं मले सांगतलं होतं, अर्चनाले फोन कर, तू थांब म्हनून सांग. मीच इसरलो. त्या दिवशी तिले उलट्या होऊन राह्यल्या होत्या."

माफ कर, ताई. तुला ऐकू गेलं नाही, पण मी ते बोलले आहे. तू मला काय दिलंस, ते मात्र बोलले नाही. दोन्ही इथे लिहिते आहे.

मी फोटो शोधू लागले. तुझे फोटो फार नव्हते, तू कायम काउंटरच्या मागे. एका लग्नात जेवताना कोणीतरी काढलेला एक सापडला, हसतेस, हातात पोळी आहे. दादांनी तो पसंत केला. मग मोबाइलकडे पाहत त्यांनी विचारलं, "याच्यात तिचा आवाज हाये काय?"

मी म्हटलं, आहे, पुष्कळ आहे. तुमच्याकडे नाही का?

"मले तिनं कधी असा निरोप नाई पाठवला," ते म्हणाले. "पाठवाले आमी कधी दूर राह्यलोच नाई."

तुझ्या मोबाइलमध्ये यंदाचेच निरोप उरले होते, म्हणून मी माझा काढला. त्यात सात वर्षांचे तुझे निरोप आहेत, पुसायच्या कंटाळ्यानं तसेच राहिलेले. मोबाइल त्यांच्या बाजूला बाजेवर ठेवला आणि सगळ्यात जुन्यापासून लावत गेले. अर्चना, डबा जीपवाल्याजवळ देला, फाट्यावर उभी राय. अर्चना, ती पंगत लै लांबली, कमी कर. अर्चना, कारंज्याचे पाव्हने उद्या येनार हायेत, त्यायचं आज लाव. अर्चना, तुही पोरगी कशी हाये, आन् त्या वरातीतला बँडचा आवाज बारीक कर.

त्यातलं एकही वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं. परक्यांच्या हळदी, परक्यांच्या वराती. नारायणदादा मान खाली घालून ऐकत होते, आणि तुझा एकेक निरोप संपला की हळूच म्हणत होते, "बरं."